अणुभट्टी बंद केल्यानंतरची उष्णता

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अणूपासून वीज कशी मिळते, ती सुरक्षित असल्याचे तज्ज्ञ सांगतात तरी लोकांना तिची एवढी धास्ती का वाटते, आणि समाजाने आपल्या ऊर्जाव्यवस्थेत तिला किती स्थान द्यावे? माझी नोकरी अणुभट्ट्यांचे चालन आणि सुरक्षा-विश्लेषण यांत गेली, त्यामुळे या प्रश्नाची पाठ्यपुस्तकी उत्तरे मला ठाऊक आहेत. त्या उत्तरांत एक गोष्ट बहुधा शेवटी कुठेतरी उल्लेखापुरती येते, आणि माझ्या मते आकलनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया, म्हणजे एक अणू फुटून त्यातून पुढचे अणू फुटत जाणे, दोन-तीन सेकंदांत थांबवता येते, परंतु इंधनात निर्माण होणारी उष्णता थांबवता येत नाही. ही उष्णता वाहून नेण्याचा भार पहिल्या काही तासांत यंत्रांवर असतो, पुढची काही वर्षे प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेवर असतो, आणि मागे उरणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांचा भार त्यानंतर कित्येक पिढ्या समाजावर असतो. अणुऊर्जेचे अपघात, तिचा खर्च आणि तिच्या कचऱ्यावरून होणारे वाद यांचा उलगडा या एका वस्तुस्थितीतून बऱ्याच अंशी होतो.

प्रथम मूळ प्रक्रिया पाहू. खाणीतून मिळणाऱ्या युरेनियममध्ये ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ चा असतो आणि जेमतेम ०.७ टक्के भाग युरेनियम-२३५ चा असतो. मंद गतीचा न्यूट्रॉन युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रात शिरला की बहुतेक वेळा ते केंद्र दुभंगते (यालाच विखंडन म्हणतात), त्याचे दोन असमान तुकडे होतात, दोन किंवा तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मोकळी होते. कार्बनचा एक अणू जळताना मिळणारी ऊर्जा ४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे अणूमागे अणू धरला तर फरक सुमारे ५ कोटी पटींचा पडतो. १ किलो युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाले तर त्यातून निघणारी उष्णता अडीच ते तीन हजार टन चांगल्या प्रतीच्या कोळशाइतकी भरते. प्रत्यक्ष व्यवहारात १,००० मेगावॉट वीज देणाऱ्या अणुभट्टीला वर्षाकाठी २५ ते ३० टन समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमचे इंधन लागते, तर तेवढ्याच क्षमतेच्या कोळशावरील केंद्राला ३० लाख टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. दीड-दोन वर्षांचे इंधन प्रकल्पाच्या आवारात एका गोदामात साठवून ठेवता येते. ज्या देशांकडे ना कोळसा आहे ना तेल, त्यांना अणुऊर्जेचे आकर्षण वाटते ते मुख्यतः यामुळे.

या शोधाला फार काळ लोटलेला नाही. १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले, आणि लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी काही आठवड्यांतच त्याचा अर्थ लावला: युरेनियमचे अणुकेंद्र दुभंगले होते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांच्या चमूने स्वतःच्या बळावर टिकणारी पहिली साखळी प्रक्रिया घडवून आणली. अणूपासून वीज प्रथम निर्माण झाली ती २० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील आयडाहो येथे, आणि त्या विजेवर चार दिवे लागले. १९५४ मध्ये सोव्हिएत संघातील ओब्निन्स्क येथील ५ मेगावॉटची भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली आणि १९५६ मध्ये ब्रिटनमधील कॅल्डर हॉल सुरू झाले. कॅल्डर हॉलचा उल्लेख करताना एक गोष्ट सहसा गाळली जाते: तिथल्या भट्ट्या वीज देत असतानाच शस्त्रांसाठी प्लुटोनियमही तयार करत होत्या. वीज आणि शस्त्र यांचे हे जुने नाते लक्षात ठेवले तर लोकांचा अविश्वास निव्वळ अज्ञानातून आलेला नाही, हे मान्य करणे सोपे जाते.

भट्टीची रचना तत्त्वतः साधी आहे. युरेनियम ऑक्साइडच्या, करंगळीच्या पेराएवढ्या, चिनी मातीसारख्या कठीण गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत भरलेल्या असतात, आणि अशा हजारो नळ्या मिळून भट्टीचा गाभा बनतो. विखंडनातून निघणारे न्यूट्रॉन वेगवान असतात, म्हणून त्यांना मंद करणारा पदार्थ, म्हणजे मंदायक, लागतो. बहुतेक भट्ट्यांत साधे पाणी, काहींत जड पाणी (जड हायड्रोजन असलेले पाणी) आणि काहींत ग्रॅफाइट हे काम करते. साध्या पाण्याच्या भट्टीसाठी युरेनियम-२३५ चे प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते, तर जड पाण्याची भट्टी नैसर्गिक युरेनियमवरही चालते. गाभ्यातील उष्णतेने वाफ तयार होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. वाफेच्या पुढे अणुकेंद्र आणि कोळशाचे केंद्र यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही. निर्माण झालेल्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो आणि उरलेली समुद्रात, नदीत किंवा शीतमनोऱ्यांतून हवेत सोडावी लागते.

साखळी प्रक्रिया आटोक्यात राहते कशी, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, आणि त्याचे उत्तर मला आजही विलक्षण वाटते. विखंडनातील ९९ टक्क्यांहून अधिक न्यूट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात, आणि साध्या पाण्याच्या भट्टीत त्यांच्या एका पिढीला सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. सगळेच न्यूट्रॉन असे असते तर कोणतेही यंत्र आणि कोणताही माणूस भट्टीला आवरू शकला नसता. सुदैवाने युरेनियम-२३५ च्या बाबतीत सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन विखंडनाच्या तुकड्यांतून उशिरा, म्हणजे सेकंदाच्या काही भागापासून मिनिटभरापर्यंतच्या विलंबाने, बाहेर येतात. भट्टी नेहमी अशी चालवली जाते की या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांखेरीज साखळी पूर्ण होऊ नये. त्यामुळे तिची शक्ती मिनिटांच्या हिशेबाने वरखाली होते आणि न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे सावकाश सरकवून ती सांभाळता येते. शिवाय पाण्याच्या भट्टीत तापमान वाढले की पाणी विरळ होते, न्यूट्रॉन मंद होण्याचे प्रमाण घटते आणि प्रक्रिया आपोआप मंदावते. अशा भट्टीचा अणुबॉम्ब होणे शक्य नाही. त्याला इंधनाची समृद्धी फार मोठी लागते आणि रचनाही पूर्णपणे वेगळी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भट्टी बंद करण्याचा आदेश मिळाला की नियंत्रक दांडे दोन-तीन सेकंदांत गाभ्यात शिरतात आणि विखंडन जवळजवळ थांबते. परंतु तोवर झालेल्या विखंडनांचे तुकडे स्वतःच अस्थिर असतात आणि त्यांचा क्षय होताना उष्णता निघतच राहते. विझवलेल्या चुलीतील निखाऱ्यांची आठवण इथे होईल, मात्र निखाऱ्यांवर पाणी ओतले की ते कायमचे थंड होतात, तर या उष्णतेचा उगमच थांबवण्याचा उपाय भौतिकशास्त्रात नाही. ती केवळ वाहून नेता येते. १,००० मेगावॉट विजेच्या भट्टीत सुमारे ३,००० मेगावॉट उष्णता निर्माण होत असते. बंद केल्याच्या क्षणी त्यातील सहा-सात टक्के, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास उष्णता शिल्लक असते. तासाभरानंतर ती सुमारे दीड टक्का उरते आणि एक दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या जवळपास, म्हणजे १५ मेगावॉट. ही शेवटची संख्या ऐकायला किरकोळ वाटते, पण तेवढी उष्णता ताशी २० टनांच्या आसपास पाण्याची वाफ करते. हे पाणी पोहोचले नाही तर गाभा उघडा पडतो, झिर्कोनियमच्या नळ्या सुमारे १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे वाफेशी जोमाने अभिक्रिया करून हायड्रोजन सोडू लागतात, आणि अखेरीस इंधन वितळते. अणुभट्टीत आपण पाहता ते बहुतेक पंप, टाक्या, डिझेल जनित्रे आणि एकाला पर्याय म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या यंत्रणा या एका कामासाठी असतात. नियंत्रण कक्षातील माणसाला भट्टी बंद झाली म्हणून हायसे वाटत नाही. बंद झालेल्या भट्टीतून उष्णता कोणत्या मार्गाने बाहेर जात आहे, हे तो सर्वप्रथम पाहतो.

तीन मोठ्या अपघातांपैकी दोन याच उष्णतेमुळे घडले. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत पाणीपुरवठ्यात बिघाड होऊन भट्टी आपोआप बंद पडली, दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातील दिवा झडपेला मिटण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता. झडप प्रत्यक्षात मिटली की नाही, हे तो दाखवत नव्हता. दाबनियंत्रक टाकीतील पातळी वर दिसत असल्यामुळे चालकांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाह कमी केला आणि सुमारे निम्मा गाभा वितळला. भट्टीभोवतीचे जाड काँक्रीटचे कवच मात्र टिकले आणि बाहेर गेलेला किरणोत्सार अल्प होता. या एका दिव्यामुळे जगभरच्या नियंत्रण कक्षांची रचना, चालकांचे प्रशिक्षण आणि सादृशकावरील (सिम्युलेटरवरील) सराव बदलला. माझ्या व्यवसायातील माणसे ज्या शिस्तीत वाढली, तिचा मोठा भाग १९७९ नंतर घडलेला आहे.

फुकुशिमा दाइइचीची गोष्ट अधिक बोलकी आहे. ११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या आणि बाहेरची वीज तुटताच डिझेल जनित्रे सुरूही झाली. पाऊण-एक तासाने आलेली त्सुनामी प्रकल्पाच्या ठिकाणी १४-१५ मीटरपर्यंत चढली, तर संरक्षणाचे गणित सहा मीटरहून कमी उंचीवर बेतलेले होते. जनित्रे आणि विजेचे फलक पाण्याखाली गेले आणि पुढील काही दिवसांत तिन्ही गाभे वितळले. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेला ओनागावा प्रकल्प बचावला, कारण तो सुमारे १४ मीटर उंचीवर बांधलेला होता. शेजारच्या वस्त्यांतील लोकांनी तर त्याच्याच आवारात आसरा घेतला. फुकुशिमा दाइनी या जवळच्या दुसऱ्या प्रकल्पातही पाणी शिरले होते, परंतु बाहेरच्या विजेची एक वाहिनी शिल्लक राहिली आणि कर्मचाऱ्यांनी सुमारे ९ किलोमीटर जड केबल हाताने ओढून पंप पुन्हा चालू केले. एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच लाटेत सापडलेल्या या तीन प्रकल्पांचे वेगळे नशीब जमिनीच्या उंचीचा जुना निर्णय, विजेच्या फलकांची जागा आणि त्या दिवशीची माणसे यांवर ठरले. अणुऊर्जा सुरक्षित आहे का, या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देणाऱ्यांशी माझे पटत नाही ते यामुळेच.

चेर्नोबिल यांहून निराळे होते. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथे साखळी प्रक्रियाच हाताबाहेर गेली. त्या प्रकारच्या भट्टीत मंदायक ग्रॅफाइट होता आणि पाणी मुख्यतः न्यूट्रॉन शोषत असे, त्यामुळे पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढत असे. एका चाचणीसाठी शक्ती फार खाली आणली गेली होती, गाभ्यात न्यूट्रॉन शोषणारा झेनॉन साचला होता आणि त्याची भरपाई करण्यासाठी जवळजवळ सगळे नियंत्रक दांडे बाहेर काढलेले होते. भट्टी बंद करण्याचे बटण दाबल्यावर दांड्यांच्या टोकांशी असलेल्या ग्रॅफाइटमुळे पहिल्या काही क्षणांत शक्ती उलट वाढली. पाश्चात्त्य पद्धतीचे बंदिस्त कवच तिथे नव्हते आणि ग्रॅफाइटची आग सुमारे दहा दिवस धुमसत राहिली. दोन कामगार त्याच रात्री गेले आणि तीव्र किरणोत्साराने आणखी २८ जण पुढील काही महिन्यांत दगावले. जवळच्या प्रिप्यात शहरातील रहिवाशांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलवले गेले नाही, आणि आसपासच्या प्रदेशात मुले आयोडीन-१३१ ने दूषित झालेले दूध पीत राहिली. या आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे ते क्षयाने निम्मे उरण्याचा काळ, केवळ आठ दिवसांचे आहे. काही आठवडे दूध थांबवले असते तर पुढे आढळलेल्या थायरॉइड कर्करोगाच्या हजारो प्रकरणांपैकी फार मोठा भाग टळला असता. हे नुकसान भट्टीच्या सदोष रचनेइतकेच गुप्ततेच्या सवयीनेही घडवले.

किरणोत्साराची भीती मोजमापात बसवायची तर काही आकडे हाताशी हवेत. जमीन, अन्न, हवेतील रेडॉन आणि अवकाशातून येणारे किरण मिळून जगातील माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रा निसर्गतःच मिळते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट मिळते. किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि नीट चालणाऱ्या प्रकल्पाच्या शेजाऱ्यांना मिळणारी जादा मात्रा निसर्गाच्या मात्रेचा नगण्य अंश असते. मोठ्या मात्रेचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत. अगदी लहान मात्रेचा परिणाम मात्र इतका क्षीण असतो की इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांतून तो वेगळा काढता येत नाही, म्हणून नियमांत सावधगिरी म्हणून मात्रेच्या प्रमाणात धोका गृहीत धरला जातो. या गृहीतकाचा उलटा त्रासही होतो. फुकुशिमा प्रांतात आपत्तीनंतरच्या दगदगीने झालेले म्हणून नोंदवलेले मृत्यू दोन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत वृद्धांचा भरणा मोठा आहे. रुग्णालयांतून व वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेल्या माणसांचा त्यांत समावेश आहे. तीव्र किरणोत्साराने तिथे कोणी दगावल्याची नोंद नाही. लोकांना कधी हलवायचे आणि कधी घरातच थांबवायचे, याची आखणी अपघाताच्या आधी शांत डोक्याने झालेली असावी, हा त्यातला धडा आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहायला हवे. एक युनिट वीज तयार करताना, खाणीपासून मोडतोडीपर्यंतचा सगळा हिशेब धरून, अणुऊर्जेतून सुमारे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीने २०१४ मध्ये दिलेले मध्यक मूल्य आहे. त्याच तक्त्यात कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९० आणि किनाऱ्यावरील पवनऊर्जा ११ ग्रॅमवर आहे. कोळशाच्या धुराने होणारे मृत्यू रोज, विखुरलेले आणि बातमीविना होतात. तयार झालेल्या विजेच्या प्रमाणात मोजले, तर चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही अणुऊर्जेने घेतलेले बळी कोळशाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी आहेत. मी स्वतः या आकड्यांना महत्त्व देतो, परंतु ते तोंडावर फेकून कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. ज्याला आपले गाव एका रात्रीत कायमचे सोडावे लागेल अशी शंका आहे, त्याला सरासरीचा दिलासा पुरत नाही, आणि ती अपेक्षा करणेही योग्य नाही.

कचऱ्याच्या प्रश्नात आकारमान ही अडचण नाही. एका मोठ्या भट्टीतून वर्षाला निघणारे वापरलेले इंधन पुन्हा २५-३० टनच असते. अडचण काळाची आहे. भट्टीतून काढलेले इंधन आधी काही वर्षे पाण्याच्या खोल तलावात ठेवावे लागते, आणि पुढे ते पोलाद व काँक्रीटच्या जाड पिंपांत, केवळ हवेने थंड होत, राहू शकते. चाळीस-पन्नास वर्षांत त्याचा किरणोत्सार आणि उष्णता बाहेर काढतानाच्या पातळीच्या हजाराव्या भागापर्यंत उतरते. पहिल्या काही शतकांचा धोका मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा असतो, ज्यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,१०० वर्षे आहे, आणि इतका काळ टिकलेली एकही मानवी संस्था इतिहासाला माहीत नाही. म्हणून अंतिम उपाय माणसाच्या देखरेखीवर अवलंबून नसावा, अशी दिशा स्वीकारली गेली. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोजवळ ओंकालो येथे ४०० मीटरहून अधिक खोल, जवळजवळ दोन अब्ज वर्षे जुन्या खडकात बोगदे खोदले आहेत; तांब्याच्या डब्यांत बंद केलेले इंधन तिथे बेंटोनाइट मातीत पुरायचे आहे. खडक इतका काळ काही धरून ठेवील का, या शंकेवर निसर्गाने दिलेला एक दाखला आहे. आफ्रिकेतील गाबोनमध्ये ओक्लो येथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप साखळी प्रक्रिया सुरू झाली होती. १९७२ मध्ये ते उघडकीस आले, तेव्हा विखंडनातून तयार झालेले अनेक पदार्थ मूळ जागेपासून फारसे हललेले नव्हते. दाखला एकाच जागेचा आहे आणि त्यावर सगळा भार टाकता येत नाही, तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम व युरेनियम वेगळे काढून पुन्हा वापरता येतात. त्याने कचऱ्याचा काळ काहीसा आटोपतो, पण खर्च आणि शस्त्रप्रसाराची चिंता दोन्ही वाढतात.

शस्त्रप्रसाराबद्दल थोडक्यात एवढेच सांगता येईल की धोक्याची जागा वीज देणारी भट्टी ही नसून युरेनियम समृद्ध करणारे आणि प्लुटोनियम वेगळे काढणारे कारखाने ही आहे. १९५७ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि १९७० मध्ये अमलात आलेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार यांची तपासणी तिथेच अधिक काटेकोर असते.

खर्चाचा विषय मात्र मला अपघातांहून अधिक गंभीर वाटतो, कारण आज नवे प्रकल्प अडतात ते बहुधा तिथेच. अणुविजेत इंधनाचा वाटा लहान असतो आणि खर्चाचा डोंगर बांधकाम व त्या काळातील व्याज यांचा असतो, त्यामुळे एक वर्षाचा उशीरही हिशेब बिघडवतो. फिनलंडमधील ओल्किलुओटोची तिसरी भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली आणि ती २००९ मध्ये पूर्ण व्हायची होती. तिचे नियमित उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील व्होग्टल येथील दोन नव्या भट्ट्यांचा अंदाज १४ अब्ज डॉलरच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष खर्च ३० अब्जांच्या पुढे गेला. याउलट १९७४ नंतर फ्रान्सने थोड्याच नमुन्यांच्या भट्ट्या एकामागून एक बांधल्या आणि दोन दशकांच्या आत आपल्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अणूकडे नेला. फरक बऱ्याच अंशी सरावाचा आहे. तेच कारागीर तोच आराखडा पुन्हा पुन्हा बांधतात तेव्हा खर्च आवाक्यात राहतो, आणि पंचवीस वर्षे काहीच न बांधता अचानक नवा आराखडा हाती घेतला की वेल्डिंगपासून कागदपत्रांपर्यंत सारे नव्याने शिकावे लागते.

लहान आकाराच्या भट्ट्यांकडे सध्या मोठ्या आशेने पाहिले जाते. त्यांचा खरा गुण असा की शक्ती कमी असली की क्षय-उष्णताही त्या प्रमाणात कमी असते, आणि पंपांविना, नैसर्गिक अभिसरणाने ती बाहेर काढणे सोपे जाते. मोठ्या भट्ट्यांच्या काही नव्या आराखड्यांतही छतावरच्या टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊन तीन दिवस बाहेरच्या विजेविना काम भागते. परंतु लहान भट्टीची वीज स्वस्त पडेल, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. आयडाहोतील एक गाजलेला प्रकल्प अंदाजित दर वाढल्यावर आणि पुरेसे ग्राहक न मिळाल्यामुळे २०२३ मध्ये रद्द झाला. सध्याच्या जाहिराती वाचताना हे स्मरणात असावे.

मग समाजाने काय करावे? जगातील सुमारे ३० देशांत मिळून ४०० हून अधिक भट्ट्या चालतात आणि जगाच्या विजेचा ९-१० टक्के वाटा उचलतात; १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा वाटा १७ टक्क्यांच्या वर होता. कर्करोगाच्या व हृदयरोगाच्या निदानासाठी लागणारा टेक्नेशियम-९९एम ज्यापासून मिळतो तो मॉलिब्डेनम-९९ मुख्यतः संशोधन-भट्ट्यांतच तयार होतो, त्यामुळे अणुवीज नाकारणाऱ्या समाजांनाही हे तंत्र पुरते टाळता येत नाही. ऑस्ट्रियाने झ्वेन्टेनडॉर्फ येथे भट्टी बांधून तयार केली आणि १९७८ च्या सार्वमतात अगदी थोड्या मतांनी ती सुरूच न करण्याचे ठरवले. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या अखेरच्या तीन भट्ट्या बंद केल्या. ऑस्ट्रियाचा निर्णय मला समजू शकतो, कारण तिथे जलविद्युत मुबलक आहे. कोळसा जळत असताना उत्तम चाललेल्या भट्ट्या आधी बंद करण्याचा जर्मनीचा क्रम मात्र मला उलटा वाटतो. सूर्य आणि वारा यांची वीज आज स्वस्त आहे आणि तिचा विस्तार व्हायलाच हवा. वारा पडलेल्या हिवाळी रात्रींसाठी हाताशी लागणारी कार्बनविरहित शक्ती जलविद्युत, साठवण आणि अणुऊर्जा यांपैकी कशातून घ्यायची, हा निवडीचा भाग आहे, आणि ती निवड प्रत्येक ठिकाणी वेगळी असू शकते.

त्या निवडीआधी एक प्रकल्प साधारण शंभर वर्षांचा असतो, हे ध्यानात घ्यावे. परवाने आणि बांधकाम यांत दहा-पंधरा वर्षे, चालनात साठ आणि मोडतोडीत आणखी काही दशके जातात. युक्रेनमधील झापोरिझ्झिया प्रकल्पाच्या सहाही भट्ट्या युद्धामुळे बंद आहेत, तरीही त्यांना थंड ठेवण्यासाठी वीज आणि पाणी लागतच आहे, आणि जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटल्यावर पाण्याचा नवा स्रोत शोधावा लागला. शंभर वर्षांत राजवटी बदलतात, अर्थव्यवस्था कोसळतात, कधी युद्धेही होतात. म्हणून प्रकल्पाच्या विरोधकांनी आणि समर्थकांनी मिळून विचारावेत असे प्रश्न माझ्या मते हे आहेत: विजेची टंचाई असतानाही भट्टी बंद करण्याचा आदेश नियामक देऊ शकतो का, आणि तसा आदेश त्याने पूर्वी कधी दिला आहे का? मोडतोडीचा व कचऱ्याचा निधी विजेच्या दरातून वेगळा काढून सरकारच्या हाताबाहेर ठेवला आहे का? किरकोळ बिघाडांचे अहवाल लोकांना वाचायला मिळतात का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असलेल्या देशात मी भट्टीच्या शेजारी घर घेऊन राहीन, आणि ती नसतील तर सर्वांत आधुनिक आराखड्याचीही मी शिफारस करणार नाही.

जे देश शून्यातून सुरुवात करतात त्यांना, विचार ठरल्यापासून पहिली वीज मिळेपर्यंत, दहा ते पंधरा वर्षे लागतात असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. संयुक्त अरब अमिरातीने २००८ मध्ये धोरण जाहीर केले, २०१२ मध्ये बराका येथे बांधकाम सुरू केले आणि २०२० मध्ये पहिली भट्टी वीजजाळ्याला जोडली. मधल्या चार वर्षांत तिथे कायदा झाला, स्वतंत्र नियामक उभा राहिला आणि त्यासाठी बाहेरच्या देशांतून अनुभवी निरीक्षक आणले गेले. पहिले काँक्रीट पडले ते त्यानंतर.